घरात निघालेल्या सापाची सुटका

घरात, अंगणात, गोठ्यात नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये निघालेल्या सापाला न मारता पकडायचं आणि जवळच्याच योग्य जागी सोडून द्यायचं, याला महाराष्ट्रात सगळे सरळ साप रेस्क्यू म्हणतात आणि हे काम करणारा तो सर्पमित्र. पूर्वी जनावर निघालं की काठी शोधायची एवढंच माहीत असायचं, आता गावोगावी कुणा ना कुणा सर्पमित्राचा नंबर लोकांच्या फोनमध्ये सेव्ह असतो. या बदलात पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचा वाटा मोठा आहे, साप उगाच कुणाला चावत नाही हे लोकांना दिसावं म्हणून १९८० मध्ये ते ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते, आणि पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं.

साप घरात येतो तो उंदीर, पाली, बेडूक यांच्या मागे. धामण आणि नाग उंदरांच्या वासावर येतात, कवड्या पालींवर जगतो आणि खडबडीत भिंतीवर सहज चढतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सापडणारा साप बऱ्याचदा कवड्या निघतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, साप कोरडी जागा शोधत बाहेर पडतात, त्यात नागाची अंडी फुटायचा आणि घोणसीला पिल्लं व्हायचा काळही साधारण तेव्हाचाच, त्यामुळे जून ते ऑगस्ट सर्पमित्रांचे फोन सारखे वाजत असतात. पिल्लू दिसलं म्हणून हातात घ्यायचं नाही, विषारी सापाच्या पिल्लाला जन्मापासून विष असतं.

रेस्क्यूचा सगळ्यात महत्त्वाचा भाग सर्पमित्र यायच्या आधीचा असतो आणि तो घरच्यांनाच करायचा असतो. लहान मुलं, म्हातारी माणसं, कुत्रं-मांजर आधी बाहेर काढायचं, आणि मग एका शांत मोठ्या माणसाने सात-आठ फुटांवरून सापावर फक्त नजर ठेवायची, बाकी काहीही करायचं नाही. नजर का, तर साप एकदा फ्रिजच्या मागे किंवा दिवाणात शिरला आणि कुणी बघितलंच नाही, तर नंतर अख्खं घर उचकटावं लागतं आणि कधीकधी तरीही सापडत नाही. बाकीचे दरवाजे बंद करून खाली फटीत ओली चादर कोंबली तर साप त्याच खोलीत राहतो, आणि बाहेर जाणारा दरवाजा उघडा ठेवला तर पुष्कळदा तो स्वतःच निघून जातो, आणि याच्यासारखी चांगली सुटका दुसरी नाही. रॉकेल, फिनाईल, मिरचीची धुरी, गरम पाणी यातलं काहीही वापरू नये, त्याने सापाची कातडी भाजते, डोळ्यांना इजा होते आणि तो बिथरून नको तिथे घुसतो. दारात पंचवीस माणसं गोळा करून मोबाईल पुढे धरणं हेही तितकंच वाईट, कारण सापाला पळायची वाटच उरत नाही.

फोन कुणाला करायचा? महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाईन १९२६, ती जवळच्या वनकर्मचाऱ्यांपर्यंत पोचवते, नाहीतर ओळखीतला प्रशिक्षित सर्पमित्र. फोनवर सांगायला लांबूनच झूम करून काढलेला एक फोटो पुरतो.

आपल्याकडे माणसाला सगळ्यात जास्त धोका चार सापांचा, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. कोकणात आणि घाटावरच्या जंगलात चापडा हा विषारी सापही दिसतो. बाकी धामण, तस्कर, कवड्या, दिवड, नानेटी, गवत्या, डुरक्या, मांडूळ, वाळा हे सगळे बिनविषारी, आणि घरात निघणाऱ्या सापांत हेच जास्त. गडबड होते ती दिसण्यातल्या साम्यामुळे. मण्यार काळीभोर आणि अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुतेक जोडीजोडीने, डोक्याकडे विरळ आणि शेपटीकडे ठळक होत गेलेले. कवड्याचं उलट असतं, पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होतात. घोणसीला लोक अजगराचं पिल्लू समजून उचलतात आणि हा गैरसमज जिवावर बेततो. घोणसीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात आणि डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आवाज काढते. पण खरं सांगायचं तर घरच्या माणसाने ही ओळख पटवण्याच्या भानगडीत पडूच नये, अंधारात आणि घाबरलेल्या डोळ्यांना सगळंच सारखं दिसतं, म्हणून प्रत्येक साप विषारी आहे असं धरूनच वागावं.

पकडायची चांगली पद्धत बघायला अगदी साधी वाटते. पीव्हीसी पाईपच्या एका तोंडाला कापडी पिशवी घट्ट बांधतात, पाईपचं दुसरं तोंड सापासमोर भिंतीला लागून जमिनीवर ठेवतात आणि मागून हूकने हलकेच वळवतात, सापाला अंधारं भोक दिसलं की तो स्वतःहून आत शिरतो, मग पिशवीला पीळ देऊन गाठ मारायची आणि पिशवी हवा जाईल अशा झाकणाच्या डब्यात ठेवायची. यात हात सापाला लागतच नाही. साप धरायचा लांब चिमटा जोरात दाबला तर सापाच्या बरगड्या आणि मणके तुटतात, वरून काही दिसत नाही आणि साप सोडल्यावर काही दिवसांनी मरतो, म्हणून अनुभवी लोक चिमटा टाळतात आणि डोकं अंगठ्याखाली दाबून धरणं तर नाहीच. तरीही नाग गळ्यात घालून, त्याचं चुंबन घेऊन व्हिडिओ काढणारे आहेत आणि त्यात चांगली तरणी पोरं गेली आहेत, हे फार वाईट वाटतं. साप बघायला जमलेल्या गर्दीने टाळ्या वाजवणं बंद केलं तर यातलं बरंच आपोआप थांबेल. केरळच्या वनविभागाने २०२० पासून प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि सर्पा नावाचं ॲप अशी नीट व्यवस्था लावली, आपल्याकडेही सर्पमित्रांची ओळखपत्र आणि विम्याची मागणी जुनी आहे आणि ती रास्तच आहे, रात्री दोन वाजता स्वतःच्या पेट्रोलवर येणारी माणसं आहेत ही.

सोडायचं कुठे, यावर लोकांचा सर्पमित्रांशी वाद होतो. लांब जंगलात नेऊन सोडा असा घरमालकाचा आग्रह असतो, पण सापाला त्याच्या टापूतली बिळं, पाणी, शिकारीच्या जागा माहीत असतात आणि अनोळखी जागी तो नुसता भटकत राहतो. पश्चिम घाटात नागराजांना (किंग कोब्रा) रेडिओ ट्रान्समीटर बसवून केलेल्या अभ्यासात, दूर नेऊन सोडलेला नागराज स्थानिक नागराजापेक्षा कितीतरी जास्त फिरताना दिसला. म्हणून शक्यतो एक किलोमीटरच्या आतच, झाडी आणि आडोसा असलेल्या जागी लवकरात लवकर सोडतात. साप सूड घ्यायला परत येतो किंवा त्याची जोडीदारीण शोधत येते हे खोटं आहे, उंदीर तसेच राहिले तर मात्र दुसरा साप येणारच. अडगळ आणि विटांचा ढीग काढला, गटाराची उघडी जाळी आणि दाराखालची फट बंद केली की निम्मं काम होतं.

कायदाही यात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली सापांना संरक्षण आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस आणि धामण पहिल्या अनुसूचीत आले आणि त्यांना मारलं तर ३ ते ७ वर्षं कैद होऊ शकते. पकडलेला साप घरी ठेवणं, शाळेत नेऊन दाखवणं, गारुड्याला देणं हेही बेकायदा आहे, सर्पमित्राने सुटकेची नोंद वनविभागाकडे द्यायची असते.

आणि चावलाच तर. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि यातले बहुतेक खेड्यातले. मण्यारीचा दंश तर बऱ्याचदा दुखतही नाही, जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते आणि पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, तोपर्यंत कुणाला पत्ता नसतो, म्हणून पावसाळ्यात खाटेवर आणि खोचलेल्या मच्छरदाणीत झोपायचं. दंश झाला की आवळून बांधायचं नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. अंगठी-बांगड्या काढायच्या, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालय गाठायचं. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, आपल्याकडची प्रतिविष लस घोड्यांपासून बनवतात आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असते, डॉक्टर लक्षणं बघून आणि रक्त २० मिनिटांत गोठतं का ते तपासून ती द्यायची का ते ठरवतात.