वळवलेली गाडी एवढी का रखडते?

मागच्या आठवड्यात काका-काकू दिल्लीहून बडोद्याला यायला निघाले आणि दाहोदकडे लाइन बंद झाल्यामुळे त्यांची गाडी भोपाळ, इटारसी, भुसावळ, जळगाव अशी वळवली. अंतर वाढलं ते वाढलंच, पण नंदुरबारच्या अलीकडे गाडी दीड तास नुसती उभी आणि शेजारून मालगाड्या धडधडत पुढे. दांडिया बाजारला घरी पोचून चहा व्हायच्या आत काकांचं निदान तयार: "कोळशात पैसा मिळतो ना, म्हणून आपल्याला बाजूला टाकतात." काकू म्हणाली, अमावस्येला निघाल्यावर दुसरं काय होणार. अगं पण अमावस्या त्या मालगाड्यांना पण होतीच की!

खरा घोटाळा वेगातल्या फरकाचा आहे, आणि हे गणित मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा ६० किमीचा पट्टा आहे, मध्ये ओव्हरटेक करायला जागा नाही. मालगाडी ताशी ६० ने तो एका तासात पार करते, एक्सप्रेस १२० ने अर्ध्या तासात. दोन गाड्यांत कमीत कमी १० मिनिटं अंतर ठेवायचं. सगळ्या मालगाड्याच असतील तर दर १० मिनिटाला एक सोडा, काही त्रास नाही. आता मध्ये एक एक्सप्रेस घुसवा. शून्याव्या मिनिटाला सुटलेली, तिच्या समोरची मालगाडी ६० व्या मिनिटाला बाहेर पडणार, म्हणजे एक्सप्रेसने ७० व्या मिनिटाच्या आधी पोचायचं नाही, म्हणजे निघायचंच ४० व्या मिनिटाला. तिच्यामागची मालगाडी ५० ला. मधल्या १०, २०, ३०, ४० अशा चार मालगाड्यांच्या जागा एका एक्सप्रेसने खाल्ल्या!

पण तिच्या पाठोपाठ १० मिनिटांनी दुसरी एक्सप्रेस सोडली तर ती फक्त एकच जागा खाते, कारण दोघींचा वेग सारखा. म्हणून कंट्रोलर, म्हणजे कुठली गाडी कधी सोडायची ते ठरवणारा माणूस, एकट्या वळवलेल्या गाडीला कधीकधी थांबवून ठेवतो, मागून आणखी दोन-तीन आल्या की सगळ्यांना एका दमात सोडतो. आत बसलेल्याला वाटतं विसरलेच आपल्याला. अर्थात मध्ये लूप लाइन असतात, तिथे मालगाडी बाजूला घेता येते, पण चार-पाच हजार टनांची भरलेली गाडी थांबवून परत वेगात आणायची म्हणजे त्यात किती मिनिटं जातात ते विचारू नका. शिवाय नव्या मार्गावर तो मार्ग शिकलेलाच लोको पायलट लागतो, तो मिळेपर्यंतही उभं राहावं लागू शकतं. आणि टाइमटेबलमध्ये तुमच्या गाडीसाठी राखलेली जागा होती जुन्या मार्गावर, इथे तुम्ही बिनबुलाए पाहुणे.

अमेरिकेत तर आणखी मजा आहे. तिथे ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्या बहुतेक मालवाहू कंपन्यांच्या रुळांवर चालतात, कायद्याने पॅसेंजरला अग्रक्रम आहे, पण मालगाड्या दोन-तीन किलोमीटर लांब, त्या लूपमध्ये मावतच नाहीत. मग कायदा काहीही म्हणो, जी मावते तीच बाजूला जाते. शिकागो ते लॉस एंजेलिस जाणारी साउथवेस्ट चीफ रॅटॉन खिंडीच्या चढाने जाते, ज्या मालवाहू कंपनीचे ते रूळ आहेत तिचा या दोन शहरांमधला बहुतेक माल मात्र दक्षिणेकडच्या अमरिलो, क्लोव्हिस मार्गाने. चीफला तिकडे वळवा असं सुचवणं सोपं आहे, पण मग तिलाही त्या गर्दीत वरच्यासारखीच जागा शोधावी लागणार.

आपल्याकडे बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी १८६२ मध्ये डभोई-मियागाम लाइन टाकली, तेव्हा डबे बैल ओढायचे, त्यामुळे सगळ्यांचा वेग एकच! आता नवीन इंजिन आलं, १६० चा वेग आला असं ऐकलं की लोक टाळ्या वाजवतात, पण मालगाड्यांच्या गर्दीत एकच गाडी पळवली तर ती चारपेक्षाही जास्त जागा खाणार.

त्यावरचा इलाज म्हणजे मालगाड्यांना वेगळे रूळ. मुंबईजवळचं जेएनपीटी बंदर ते दिल्लीजवळचं दादरी हा सुमारे १,५०० किमीचा पश्चिम मालवाहतूक मार्ग त्यासाठीच आखला, तो गुजरातमधून जातो. काका-काकूंची गाडी वळवली तो नंदुरबारवरून सुरतेकडे जाणारा जळगाव-उधना मार्ग मात्र त्यात येत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी गाडी तिकडून वळली तर काकूने दशम्या जरा जास्तच बांधून घ्याव्यात.