२७ आऊटचं गणित

ओकलंड अ‍ॅथलेटिक्स ही कॅलिफोर्नियातली बेसबॉल टीम २००१ मध्ये १०२ मॅच जिंकली आणि प्लेऑफच्या पहिल्याच सिरीजमध्ये न्यूयॉर्कच्या श्रीमंत टीमकडून, यँकीजकडून, हरली, तेही पाचातल्या पहिल्या दोन मॅच जिंकून. त्याच डिसेंबरात तिचे तीन मोठे खेळाडू गेले. जेसन गियाम्बीला खुद्द यँकीजने ७ वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊन नेलं, जॉनी डेमन बोस्टनला गेला आणि शेवटच्या इनिंगला येऊन मॅच संपवणारा पिचर (म्हणजे आपला बॉलर) जेसन इसरिंगहाउझन सेंट लुईसला. ओकलंडच्या अख्ख्या टीमचा वर्षाचा पगार साधारण ४ कोटी डॉलर आणि यँकीजचा १२ कोटींच्या वर, म्हणजे गियाम्बीसारखा दुसरा माणूस विकत आणायचा हा विषयच संपला होता.

बेसबॉलमध्ये आयपीएलसारखं एका ठिकाणी बसून ऑक्शन नसतं. हंगाम संपला की नोव्हेंबर ते फेब्रुवारी फोनाफोनी चालते, ज्याचा करार संपलाय त्याला कोणीही साइन करतं, आणि ज्याचा चालू आहे त्याची दुसऱ्या टीमशी अदलाबदल होते, तिला ट्रेड म्हणतात. ओकलंडकडून हे बघणारे दोघं, जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा असिस्टंट पॉल डीपोडेस्टा, जो हार्वर्डला इकॉनॉमिक्स शिकलेला. त्यांनी गियाम्बी कुठे मिळेल हे शोधायच्या आधी गियाम्बी गेल्यामुळे नेमकं काय कमी झालं हे मोजलं, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे.

क्रिकेटमध्ये बॅटिंग टीमच्या हातात दोन गोष्टी असतात, ओव्हर आणि विकेट, डकवर्थ-लुईसचं सगळं गणित या दोघांवरच चालतं. बेसबॉलमध्ये ओव्हर नसतातच. एका इनिंगला ३ आऊट, ९ इनिंग, म्हणजे एकूण २७ आऊट, आणि ते संपेपर्यंत तुम्ही हवं तेवढं खेळा. तिथे खर्च होणारी वस्तू एकच आहे, आऊट. मग बॅटरबद्दल पहिला प्रश्न तो किती लांब मारतो हा नसून तो आऊट न होता किती वेळा बेसवर पोचतो हा असायला हवा (बेस म्हणजे मैदानातले थांबे, ते सगळे फिरून परत आलं की एक रन). याला ऑन-बेस पर्सेंटेज म्हणतात.

त्या काळातल्या हजारो मॅचचे आकडे बघितले तर इनिंगची सुरुवात होताना त्या इनिंगमध्ये सरासरी अर्ध्याहून थोडे जास्त रन अपेक्षित असतात. पहिला बॅटर पहिल्या बेसवर पोचला की हा आकडा ०.९५ च्या आसपास जातो आणि तो आऊट झाला तर ०.३० वर घसरतो. एका माणसाच्या एका टर्नने साधारण ०.६५ रनचा फरक पडला! आणि तो हिट मारून पोचला की पिचरने ठरलेल्या चौकटीबाहेर टाकलेले चार बॉल नुसते सोडून, ज्याला वॉक म्हणतात, याने इथे काहीच फरक पडत नाही. पण गंमत अशी की जुन्या बॅटिंग अ‍ॅव्हरेजमध्ये वॉक धरतच नाहीत, आपल्याकडे वाइडचा रन जसा बॅट्समनच्या नावावर लागत नाही तसंच काहीसं, आणि त्यामुळे बॉल सोडायची नजर असलेला माणूस बाजारात स्वस्त मिळायचा. पुढे २००६ मध्ये हेक्स आणि सॉअर या दोन अर्थतज्ज्ञांनी पगारांचे आकडे तपासले तेव्हाही हेच दिसलं, बेसवर पोचण्याने मॅच जितक्या जिंकल्या जात होत्या तितका पैसा त्याला मिळत नव्हता, आणि २००४ च्या सुमाराला बाजाराने ती चूक दुरुस्त केली.

आता बेरीज बघा. गियाम्बीचं ऑन-बेस ०.४७७, हे अफाट आहे. डेमनचं ०.३२४. आणि तिसरा बॅटर ओल्मेडो साएन्झ, तो टीम सोडून गेला नव्हता पण त्याच्या जागीही दुसरा हवा होता, त्याचं ०.२९१. तिघांची सरासरी ०.३६४. म्हणजे ०.४७७ वाला एक माणूस शोधायची गरजच नाही, ०.३६४ च्या आसपासचे तीन पुरतात, आणि असे लोक कोणाला नको असतात. यँकीजने न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमला, मेट्सला, दिलेला वय झालेला डेव्हिड जस्टिस मेट्सकडून ट्रेडमध्ये घेतला, गियाम्बीचा धाकटा भाऊ जेरेमी टीममध्येच होता, आणि तिसरा स्कॉट हॅटेबर्ग.

हॅटेबर्ग बोस्टनचा कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपर समजा. कोपराची नस दुखावली, ऑपरेशन झालं, आणि बॉल फेकायचा हातच गेला, कॅचरसाठी म्हणजे संपलंच की. बोस्टनने त्याला कोलोराडोला दिलं, कोलोराडोने लगेच सोडून दिलं. ओकलंडने त्याला दहा लाखांहून कमी डॉलरला घेतलं आणि सांगितलं, तू फर्स्ट बेसला उभा राहा, कारण तिथे बॉल झेलायचा जास्त आणि फेकायचा कमी. आयुष्यात तिथे न खेळलेल्या माणसाला कोच रॉन वॉशिंग्टनने रोज ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे बॉल, मारून मारून तयार केलं. २००२ मध्ये त्याचं ऑन-बेस ०.३७४ आलं, जस्टिसचं ०.३७६. ४ सप्टेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध ओकलंड ११-० ने पुढे असताना स्कोअर ११-११ झाला, नवव्या इनिंगला हॅटेबर्ग बदली बॅटर म्हणून आला, पहिला बॉल त्याने सोडला आणि दुसरा स्टँडमध्ये. सलग विसावी मॅच जिंकली.

हंगामाच्या शेवटी १०३ विजय, गियाम्बी असतानापेक्षा एक जास्त. ही गोष्ट बरेच लोक इथेच थांबवतात आणि ते मला पटत नाही. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स याचं एक साधं सूत्र आहे, केलेल्या रनचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रनच्या वर्गांची बेरीज, त्यातून टीमने किती टक्के मॅच जिंकायला हव्या होत्या ते कळतं. २००१ ला ओकलंडने ८८४ रन केले, ६४५ दिले, सूत्र म्हणतं साधारण १०६ विजय. २००२ ला केले ८००, दिले ६५४, सूत्र म्हणतं ९७. म्हणजे टीम खरंतर ९ विजयांनी कमजोर झाली होती आणि आधी जे नशीब उलटं होतं ते यावेळी सुलटं पडलं. गियाम्बीची जागा भरली नाही, फक्त खड्डा लहान झाला, आणि एवढ्या कमी पैशात तो एवढाच राहिला हेच मला मोठं काम वाटतं. शिवाय हडसन, मल्डर, झिटो हे तीन पिचर आणि त्या वर्षीचा लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तेहादा हे सगळे ओकलंडने स्वतः घडवलेले, आणि नियमाप्रमाणे पहिली सहा वर्षं खेळाडूला मोकळ्या बाजारात जाता येत नाही म्हणून ते स्वस्तात मिळत होते. हे चौघे नसते तर हॅटेबर्गच्या वॉकने काय होणार होतं?

प्लेऑफमध्ये मिनेसोटाने त्यांना ३-२ ने हरवलं. प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता ५५ टक्के असलेली टीमसुद्धा पाच मॅचची सिरीज ५९ टक्के वेळाच जिंकते, करून बघा. १६२ मॅचमध्ये जे दिसतं ते पाचात झाकलं जातं.

इसरिंगहाउझनच्या जागी त्यांनी टोरोंटोकडून बिली कॉक ट्रेडमध्ये घेतला होता. त्याने २००२ मध्ये ४४ सेव्ह केले, म्हणजे शेवटी येऊन टीमची आघाडी टिकवत मॅच संपवली, आणि सेव्ह हा आकडा बाजारात महाग जातो, म्हणून भाव चढलेला असतानाच डिसेंबरात त्याला शिकागोला देऊन कीथ फोक आणला. फोकने पुढच्या वर्षी ४३ केले.