पाच वर्षांचा राजा: मलेशियाची फिरती गादी आली कुठून?

मलेशियाच्या राजकारणातले बरेच शब्द मराठी माणसाला ओळखीचे वाटतात. लोकसभेला तिथे ‘देवान रक्यात’ म्हणतात. त्यातला देवान म्हणजे आपला दिवाण आणि रक्यात म्हणजे रयत. पंतप्रधान ‘पर्दाना मंत्री’, आणि राजे जिथे भरतात ती सभा ‘मजलिस राजा-राजा’. या मजलिशीत नऊ राजे बसतात आणि दर पाच वर्षांनी आपल्यातल्याच एकाला देशाचा राजा करतात. त्याचं पद ‘यांग दि-पर्तुआन आगोंग’, बोलण्यात नुसतं आगोंग. सध्याचे आगोंग जोहोरचे सुलतान इब्राहिम. ३१ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी शपथ घेतली.

देशात राज्यं १३. त्यांपैकी जोहोर, पहांग, पेराक, सेलांगोर, नेगेरी सेंबिलान, केदा, पर्लिस, केलांतान आणि तेरेंगानू या नऊ राज्यांना वंशपरंपरेचे राजे आहेत. पिनांग, मलाक्का, साबा आणि सारावाक इथे राज्यपाल असतात. ते मजलिशीत बसतात, पण आगोंगच्या निवडीत त्यांना मत नाही.

ही व्यवस्था म्हणजे ऐन वेळी जमवलेली तडजोड होती, आणि तिचं मूळ सल्ला या एका शब्दात आहे. २० जानेवारी १८७४ रोजी पेराकशी झालेल्या पांगकोर कराराने सुलतानाच्या दरबारी ब्रिटिश रेसिडेंट आला. मलय धर्म आणि चालीरीती सोडून बाकी सर्व बाबतींत त्याचा सल्ला विचारायचा आणि त्याप्रमाणे वागायचं, असं त्यात लिहिलं होतं. नाव सल्ल्याचं असलं तरी तो हुकूमच होता. आपल्याकडच्या संस्थानिकांचा रेसिडेंट ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नवं नाही. पुढे पेराक, सेलांगोर, पहांग आणि नेगेरी सेंबिलान ही चार राज्यं एका संघात बांधली गेली आणि १८९७ मध्ये कुआला कांगसारला त्यांच्या राजांची पहिली एकत्र बैठक भरली. ब्रिटिशांनी तिला नाव दिलं ‘दरबार’, थेट हिंदुस्थानातून उचललेलं. आजच्या मजलिशीचं मूळ या बैठकीत आहे.

खरा धक्का दुसऱ्या महायुद्धानंतर बसला. ऑक्टोबर १९४५ मध्ये सर हॅरॉल्ड मॅकमायकेल नवे करार घेऊन आले आणि काही आठवड्यांत नऊही राजांच्या सह्या घेऊन परतले. त्या सह्यांनी राज्यांतली सगळी सत्ता ब्रिटिश राजमुकुटाकडे गेली. जपानी अंमलाच्या काळात कोण कसं वागलं याची तपासणी डोक्यावर टांगती असताना नाही म्हणायची सोय कोणाला फारशी नव्हतीच. १ एप्रिल १९४६ रोजी मलायन युनियन, म्हणजे ब्रिटिश राजमुकुटाखालची नवी एकत्र राजवट सुरू झाली. मलय समाजाने टोपीला पांढरी पट्टी बांधून सुतक पाळलं. नव्या गव्हर्नरच्या शपथविधीसाठी राजे क्वालालंपूरला आले होते, पण ते स्टेशन हॉटेलातून बाहेर पडलेच नाहीत. बाहेर जमलेली गर्दी त्यांच्या जयजयकाराच्या घोषणा देत होती आणि आत दातो ओन जाफर व इतर मलय नेते त्यांना थोपवून धरत होते. त्याच वर्षी ११ मे रोजी याच चळवळीतून उम्नो हा पक्ष उभा राहिला. १ फेब्रुवारी १९४८ रोजी युनियन गुंडाळून संघराज्य आलं आणि राजांना गाद्या परत मिळाल्या. मात्र त्या लोकांनी आणि पक्षाने वाचवून दिलेल्या होत्या. राजा आणि उम्नो यांच्यातला पुढचा सगळा ताण समजायचा असेल तर हे ध्यानात ठेवावं लागतं.

स्वातंत्र्य जवळ आलं तेव्हा पेच पडला की नऊ राजांच्या देशाला एक प्रमुख कसा द्यायचा? लॉर्ड रीड यांच्या अध्यक्षतेखाली १९५६ मध्ये पाच जणांचा घटना आयोग बसला. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक हे त्यातले भारतीय सदस्य. प्रमुख नऊ राजांमधूनच निवडायचा, हे आयोगाच्या कार्यकक्षेतच लिहून दिलेलं होतं. घरचा नमुनाही होता. नेगेरी सेंबिलानचा राजा चार ‘उंडांग’ म्हणजे मुलखाचे सरदार पूर्वीपासून निवडत आले आहेत. तिथल्या राजाला ‘यांग दि-पर्तुआन बेसार’ म्हणतात. देशाच्या प्रमुखासाठी आधी हेच नाव सुचवलं गेलं होतं. गोंधळ नको म्हणून ‘बेसार’चं ‘आगोंग’ झालं.

निवडणूक म्हटली की उमेदवार आणि चुरस डोळ्यांपुढे येते. इथे तसं काही नसतं. राज्यांची एक क्रमवारी आहे आणि ज्याची पाळी त्याचंच एक नाव मतपत्रिकेवर असतं. हा राजा योग्य आहे की नाही, एवढंच राजांनी गुप्तपणे सांगायचं. राजा अज्ञान नसावा, त्याने स्वतः नकार कळवलेला नसावा, आणि शारीरिक-मानसिक दुर्बलतेमुळे किंवा अन्य कारणाने तो अयोग्य आहे असं किमान पाच राजांनी ठरवलेलं नसावं. पद मिळायलाही पाच मतं लागतात. न जमल्यास यादीतलं पुढचं राज्य. माझ्या मते याला निवड म्हणण्यापेक्षा नकाराधिकार म्हणणं जास्त बरोबर.

हा नकाराधिकार पहिल्याच खेपेला वापरला गेला. १९५७ ची यादी राज्यारोहणाच्या ज्येष्ठतेवर होती. सर्वांत ज्येष्ठ जोहोरचे सुलतान, १८९५ पासून गादीवर. त्यांनी नकार दिला. पुढचे पहांगचे सुलतान अबू बकर, त्यांना पुरेशी मतं मिळाली नाहीत. मग नेगेरी सेंबिलानचे तुआंकू अब्दुल रहमान पहिले आगोंग झाले. रिंगिट या मलेशियाच्या चलनाच्या नोटेवर आजही त्यांचाच चेहरा आहे. (पहिले पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान वेगळे. ही गल्लत नेहमी होते.) १ एप्रिल १९६० रोजी ते पदावर असतानाच वारले. त्यांच्या जागी आलेले सेलांगोरचे सुलतान हिसामुद्दीन १ सप्टेंबर १९६० रोजी, म्हणजे आगोंग म्हणून त्यांचा अभिषेक ठरला होता त्याच दिवशी गेले. पहिल्या फेरीत एखाद्या राज्याचा राजा बदलला की ते राज्य यादीच्या शेवटी जाई. १९९४ मध्ये नवव्या राज्याची, म्हणजे पेराकची मुदत संपली आणि तेव्हापासून क्रम पक्का झाला: नेगेरी सेंबिलान, सेलांगोर, पर्लिस, तेरेंगानू, केदा, केलांतान, पहांग, जोहोर, पेराक.

पक्क्या क्रमातही फट निघते. ६ जानेवारी २०१९ रोजी केलांतानच्या सुलतान मुहम्मद पंचम यांनी मुदतीआधीच राजीनामा दिला. असं करणारे ते पहिलेच आगोंग. उपआगोंग आपोआप वर चढत नाही, तो नव्या निवडीपर्यंत फक्त काम पाहतो. पाळी पहांगची, पण तिथले सुलतान अहमद शाह आजारी. मग पहांगच्या राजघराण्याने गादीच बदलली. १५ जानेवारीला अब्दुल्ला सुलतान झाले आणि २४ जानेवारीला आगोंग म्हणून निवडून आले. इतकी घाई नसती तर पाळी हुकली असती.

अधिकारांचं काय? सुरुवातीची अनेक दशकं उम्नोच्या आघाडीला संसदेत दोन तृतीयांश बहुमत असे, त्यामुळे आगोंगने कोणाला पंतप्रधान नेमायचं हा प्रश्नच उद्भवत नव्हता. उलट उम्नोचे पंतप्रधान महाथिर मोहम्मद यांनी राजांचे हात आणखी बांधले. १९८३ मध्ये विधेयकाला १५ दिवसांत संमती न मिळाल्यास ती मिळाली असं धरण्याची दुरुस्ती त्यांनी मांडली. आगोंग सहीच करेनात. काही महिन्यांच्या ओढाताणीनंतर विधेयक कारणांसह परत पाठवण्याचा हक्क राजाकडे राहिला. १९९४ मध्ये तोही गेला. आता ३० दिवस उलटले की सहीविना कायदा होतो. मधल्या १९९३ मध्ये राजांचं कायदेशीर संरक्षण काढून त्यांच्यावरच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालय नेमलं गेलं.

मात्र एका कलमाला कोणी हात लावला नाही. कलम ४३ नुसार, ज्याला बहुसंख्य खासदारांचा विश्वास मिळण्याची शक्यता आहे असं आगोंगला ‘स्वतःच्या मते’ वाटतं, तो पंतप्रधान. विधानसभा किंवा संसद बरखास्त करायला नकार देण्याचा अधिकारही राजाकडे होता. फेब्रुवारी २००९ मध्ये पेराकच्या ५९ जणांच्या विधानसभेत तीन आमदार फुटले. मुख्यमंत्र्यांनी बरखास्ती मागितली, सुलतान अझलान शाह यांनी ती नाकारून ३१ आमदारांचा पाठिंबा असलेल्याला नेमलं. हे सुलतान पूर्वी देशाच्या न्यायसंस्थेचे प्रमुख राहिलेले. २०१० मध्ये संघीय न्यायालयाने निर्णय उचलून धरला: बहुमत सभागृहातल्या मतदानानेच मोजलं पाहिजे असं नाही. आपल्याकडे बोम्मई खटल्यानंतर मोजणी सभागृहात व्हावी हा दंडक रुजला. तिथे ती राजवाड्यात होऊ शकते.

फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा पंतप्रधान झालेल्या महाथिर यांनी राजीनामा दिला तेव्हा तेच झालं. आगोंगनी २२२ जणांच्या सभागृहातल्या खासदारांना दोन दिवस एकेकटं राजवाड्यात बोलावून पसंती विचारली आणि १ मार्चला मुहीद्दीन यासिन यांना शपथ दिली. ऑक्टोबरमध्ये त्याच मुहीद्दीन यांनी आणीबाणी मागितली, ती आगोंगनी नाकारली. जानेवारी २०२१ मध्ये मात्र दिली. ऑगस्टमध्ये मुहीद्दीन यांनीही राजीनामा दिला. या वेळी कोरोनाच्या साथीमुळे खासदारांना बोलावणं अवघड होतं, तेव्हा राजवाड्याने प्रत्येकाकडून लेखी नाव मागवलं, फॅक्स, ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपने, दुपारी चारच्या आत. ११४ नावं इस्माईल साब्री यांची निघाली आणि २१ ऑगस्टला ते पंतप्रधान झाले.