अमली पदार्थ खटल्यातील मुद्देमाल (मुंबई)

जप्त केलेला अमली पदार्थ पंचनाम्यापासून नष्ट होईपर्यंत कोणाच्या ताब्यात, कोणत्या सीलखाली आणि कोणत्या नोंदीवर राहिला, त्याच्या अखंड हिशेबाला मुद्देमालाची हाताळणी म्हणतात. एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांविरुद्धचा केंद्रीय कायदा) खालचे अनेक खटले याच हिशेबावर टिकतात किंवा सुटतात. मेफेड्रॉन, म्हणजे मुंबईच्या गल्लीतली 'एमडी', ५० ग्रॅमच्या वर गेली की व्यावसायिक प्रमाण ठरते. मग किमान शिक्षा १० वर्षांची, आणि कलम ३७ मुळे जामीनही दुरापास्त. माणसाची दहा वर्षे काट्यावर ठरत असतील, तर तोलताना आणि बांधताना हयगय चालत नाही.

पंचांसमोर वजन होते, पाकिटाला दोरा बांधून लाखेचे सील लागते, पंचांच्या सह्यांचे लेबल चिकटते. कलम ५५ प्रमाणे पोलीस ठाण्याचा प्रभारी माल ताब्यात घेतो, तर कलम ५७ प्रमाणे ४८ तासांत वरिष्ठांना अहवाल जातो. माल मुद्देमाल कक्षात, नोंद कारकुनाच्या वहीत.

खरी मेख नमुन्याची. पूर्वी छाप्याच्या जागीच चिमूटभर माल नमुना म्हणून काढत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहनलाल खटल्यात स्पष्ट केले की कलम ५२-अ नुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोरच काढायचे. डिसेंबर २०२२ च्या नियमांतही हेच आले. नमुना दोन प्रतींत, प्रत्येकी ५ ग्रॅम. अफू, गांजा आणि चरस यांचा २४ ग्रॅम. मुंबईत अशा नमुन्यांची तपासणी कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत होते. 'सीए रिपोर्ट', म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, हाती येईपर्यंत ती पावडर कायद्याच्या दृष्टीने नुसता संशय असते.

गांजाचे प्रकरण आणखी नाजूक. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोऱ्याशिवायचा पाला आणि बिया त्यात मोडत नाहीत. व्यावसायिक प्रमाण २० किलोंच्या वर. ओला माल वाळला की वजन उतरते, आणि दोन-तीन वर्षांनी न्यायालयात पाकीट फोडल्यावर आकडा पंचनाम्याशी जुळत नाही. उलटतपासणी तिथूनच सुरू होते: सील कोणाकडे होते? प्रयोगशाळेत माल नेणाऱ्या अंमलदाराची नोंद कुठे? पंचाला लेबलवरची पुसट सही ओळखता येते का? हे प्रश्न कुणाला आडमुठे वाटतात, पण निरपराध्याच्या खिशात पुडी कोंबली गेल्यास त्याला वाचवणारे दुसरे काही नसते.

कलम ५२-अ पाळले नाही एवढ्याच कारणाने खटला कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. उरलेला पुरावा भक्कम हवा. याला ढिलाईची परवानगी समजणे चूक ठरेल.

निकालाची वाट न पाहताही माल नष्ट करता येतो. मुंबईचा माल विल्हेवाट समितीच्या देखरेखीखाली तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या भट्टीत जाळला जातो. मागे राहतात दंडाधिकाऱ्यांनी प्रमाणित केलेली यादी, छायाचित्रे आणि नमुने. न्यायालय तेच प्राथमिक पुरावा मानते.