दर महिन्याची उन्हाळी

लघवीला जळजळ झाली की नाशिकच्या घराघरांत पहिला सल्ला ठरलेला: ‘उन्हाळी लागलीय गं, धण्याचं पाणी पी.’ दोन दिवसांत उतारही पडतो. पण ही उन्हाळी दर महिन्याला नेमकी पाळीच्याच दिवसांत लागत असेल आणि युरिन कल्चरमध्ये जंतू सापडत नसतील, तर एंडोमेट्रिओसिसची शंका घ्यायला हवी.

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात, तो हा आजार. जननक्षम वयातल्या साधारण १० टक्के बायकांना तो असतो. मूत्रसंस्थेपर्यंत तो थोड्याच जणींत पोचतो, आणि पोचलाच तर बहुतेकदा मूत्राशयाच्या भिंतीत. तिथे निदान दुखतं तरी. खरी धास्ती मूत्रवाहिनीची. मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी आणणारी ही नळी २५-३० सेंटिमीटर लांब, जाडीला जेमतेम ३-४ मिलिमीटर. निफाडकडच्या बागेत ठिबकची नळी दबली, तर वेल कोमेजते आणि शेतकऱ्याच्या लगेच लक्षात येतं. इथे रोगाच्या घट्ट व्रणाने नळी आवळली जाते, वर मूत्रपिंड फुगत जातं आणि कित्येकदा साधी कळही येत नाही. म्हणून रोग खोलवर असेल तर सोनोग्राफीत मूत्रपिंडंही पाहून घ्यावीत, हा माझा हट्टच आहे.

हार्मोनच्या गोळ्यांनी रोग दबतो, पण जुना व्रण विरघळत नाही. मग दुर्बिणीचं ऑपरेशन. बेंबीतून कॅमेरा, बाजूला अर्ध्या सेंटिमीटरची दोन-तीन छिद्रं, कार्बन डायऑक्साइडने फुगवलेलं पोट. पडद्यावर मूत्रवाहिनी ओळखायची खूण गमतीची: चिमट्याने हलकेच डिवचली की ती गांडुळासारखी वळवळते. शेजारची धमनी नुसती ठोके देते. सर्जन निरोगी भागात नळी शोधतो आणि तिथून व्रणाच्या दिशेने ती मोकळी करत जातो. नळीवर बारीक रक्तवाहिन्यांचं तलम आवरण असतं. ते सोललं किंवा भाजलं, तर नळी काही दिवसांनी तिथेच गळू लागते. रोग भिंतीत शिरला असेल तर तेवढा तुकडा काढून टोकं जोडतात, किंवा नळी मूत्राशयात नव्याने रोवतात.

मूत्राशयातली गाठ भिंतीच्या त्या भागासकट काढतात. लघवीच्या वाटेने नुसतं आतून खरवडून भागत नाही, कारण रोग बाहेरून आत आलेला असतो. विरघळणारे टाके घालतात, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आठवडा-दोन आठवडे राहतं.

मूत्रवाहिनी जोडली असेल तर आत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, असतो, साधारण महिना-दीड महिना. तो काढायची तारीख मात्र छाटणीच्या धांदलीत विसरू नका. महिनोन्‌महिने राहिला तर त्याच्यावर खडे जमतात.