गम्बी

गम्बी : मातीची बाहुली चौकटीगणिक, म्हणजे फिल्मवरील एकेका छायाचित्रामागे, किंचित हलवून चित्रित केलेले, अमेरिकन दूरचित्रवाणीवरील एक बालपात्र. आर्ट क्लोकी (१२ ऑक्टोबर १९२१ – ८ जानेवारी २०१०) आणि त्यांची पहिली पत्नी रूथ यांनी ते १९५० च्या दशकाच्या मध्यास घडवले. अंग चपटे, पाय खाली रुंद होत गेलेले, डोक्याची एक बाजू दुसरीपेक्षा उंच आणि रंग हिरवा, अशी त्याची घडण आहे. पोकी नावाच्या नारिंगी शिंगराबरोबर तो खेळण्यांच्या जगात हिंडतो, पुस्तक दिसले की पानातून सरळ आत शिरतो आणि तिथल्या गोष्टीत सामील होतो. मध्ये मोठे खंड पडूनही १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्याचे दोनशेहून अधिक भाग निघाले.

पूर्वपीठिका : क्लोकी यांना मातीच्या ॲनिमेशनचे जनक म्हणण्याचा प्रघात लोकप्रिय लेखनात आहे. तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. मूकपटांच्या काळात, १९१६–१७ च्या सुमारास, हेलेना स्मिथ डेटन आणि विली हॉपकिन्स या अमेरिकन शिल्पकारांनी मातीच्या आकृत्या पडद्यावर हलवून दाखवल्या होत्या. पुढे कागदावरची चित्रे सेल्युलॉइडवर उतरवून रंगवण्याची पद्धत स्टुडिओंनी उचलली. त्या पद्धतीत कामाची वाटणी करता येई, मातीत ती सहजी जमत नसे, आणि माती मागे पडली. क्लोकी यांचे श्रेय निराळे आहे. मातीचे एकच पात्र त्यांनी दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला आणले, त्याला स्वभाव दिला आणि अनेक वर्षे जगवले. या तंत्रासाठी आज सर्रास वापरला जाणारा ‘क्लेमेशन’ हा शब्दही त्यांचा नव्हे. तो १९७० च्या दशकात विल व्हिंटन यांनी रूढ केला व आपल्या व्यापारचिन्हाखाली आणला. १९५० च्या दशकातील गम्बीला हा शब्द लावणे काळाच्या दृष्टीने सैलच ठरते.

क्लोकी यांचा जन्म डेट्रॉइटचा. जन्मनाव आर्थर चार्ल्स फॅरिंग्टन. आईवडिलांचा घटस्फोट झाला आणि पाठोपाठ वडील मोटार अपघातात गेले. काही काळ मुलांच्या वसतिगृहात काढल्यावर जोसेफ क्लोकी या संगीतकाराने त्यांना दत्तक घेतले. जोसेफ कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजात संगीत शिकवत. या घराने मुलाला संगीत, चित्रकला आणि छायाचित्रण यांची गोडी लावली. तरुणपणी आर्ट यांनी धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने हार्टफर्ड येथील धर्मशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. तिथेच त्यांची रूथशी भेट झाली. शिक्षण अर्ध्यावर सोडून दोघे धार्मिक चित्रपट काढण्याच्या विचाराने कॅलिफोर्नियात आले, आणि पोट भरण्यासाठी आर्ट शाळेत शिकवू लागले.

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांना स्लाव्को व्होर्कापिच यांचे मार्गदर्शन लाभले. सर्बियन वंशाचे व्होर्कापिच हॉलिवुडमध्ये गतिमान संकलित दृश्यमालांसाठी नावाजलेले होते. चित्रपटातली गती प्रेक्षकाच्या डोळ्यांना आणि स्नायूंनाही जाणवते, त्यामुळे कथा व संवादांच्या आधी गतीचाच विचार व्हावा, ही त्यांची शिकवण. तिचे प्रात्यक्षिक म्हणून क्लोकी यांनी मातीचे गोळे, घन, शंकू आणि वळ्या जॅझ संगीताच्या तालावर फुगवल्या, वितळवल्या, एकमेकांत मिसळल्या. सुमारे तीन मिनिटांच्या या लघुपटाचे नाव ‘गम्बेशिया’. डिस्नेच्या ‘फँटेशिया’ची छाया त्या नावात उघड दिसते. त्यात पात्र नाही, गोष्ट नाही. तरीही गम्बीचा खरा पूर्वज हाच. पुढे गम्बी क्षणात चेंडू होतो, पट्टी होतो, पुन्हा उभा राहतो, त्या साऱ्या हालचालींचे बीज येथे सापडते.

कालनिर्णय : ‘गम्बेशिया’चे वर्ष कुठे १९५३, तर कुठे १९५५ दिलेले असते. पहिले चित्रीकरणाचे आणि दुसरे प्रदर्शनाचे, असे मानले की विसंगती बहुतांशी मिटते. गम्बीच्या जन्मवर्षाबाबत गुंता अधिक आहे. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे निर्माते सॅम एंगल यांच्या मुलाला क्लोकी शिकवत असत. त्या ओळखीतून ‘गम्बेशिया’ एंगल यांच्यापर्यंत पोचला. मातीला मुलांसाठी पात्रांचे रूप द्या, असा आग्रह धरून एंगल यांनी नमुनाभागाचा खर्च उचलला. मुलांच्या कार्यक्रमांचा दर्जा सुधारावा एवढाच त्यांचा हेतू होता, असे क्लोकी पुढे कृतज्ञतेने सांगत. हा भाग एनबीसी वाहिनीकडे गेला आणि तिच्या ‘हाउडी डूडी’ या गाजलेल्या बालकार्यक्रमातून गम्बी प्रथम प्रेक्षकांपुढे आला. हे पदार्पण काही लेखक १९५५ मध्ये धरतात, काही १९५६ मध्ये. नमुनाभाग तयार होणे आणि तो प्रसारित होणे या दोन घटना स्मरणातून लिहिलेल्या वृत्तांतांत एक झाल्या असाव्यात. त्यामुळे निर्मिती १९५५ च्या आसपास आणि प्रसारण १९५६ मध्ये, हा क्रम अधिक ग्राह्य वाटतो. ‘द गम्बी शो’ हा स्वतंत्र कार्यक्रम मात्र मार्च १९५७ मध्ये एनबीसीवर सुरू झाला, यात मतभेद नाही.

नाव, आकार, रंग : ‘गम्बो’ हा अमेरिकेच्या काही भागांत चिकट, पायाला धरून ठेवणाऱ्या मातीसाठी वापरला जाणारा शब्द. मिशिगनमधील आजोबांच्या शेतावर पावसानंतर रस्त्याचा होणारा असा चिखल क्लोकी यांनी लहानपणी पाहिला होता, आणि नाव तिथून आले. गम्बीच्या वडिलांचे नाव गम्बो आणि आईचे गम्बा असल्याने या व्युत्पत्तीला दुजोराच मिळतो.

शरीराच्या आकाराचे श्रेय रूथ यांना जाते. आल्याच्या स्वादाची, माणसाच्या आकारात कापलेली बिस्किटे अमेरिकन घरांत नाताळला करतात; गम्बी तसा असावा ही त्यांची सूचना. तिरप्या डोक्याबद्दल सर्वांत जास्त लिहिले गेले आहे. क्लोकी यांच्याकडे त्यांच्या जन्मदात्या वडिलांचे अठराव्या वर्षाचे एक छायाचित्र होते. त्यात केसांचा एक झुबका भोवऱ्यामुळे एका बाजूला उंच उभा राहिलेला दिसतो. तो झुबका गम्बीच्या डोक्यावर आला, असे त्यांनी अनेकदा सांगितले. उत्तरायुष्यात त्याच उंचवट्याला ते ज्ञानाचा उंचवटा म्हणू लागले आणि बुद्धमूर्तीच्या उष्णीषाशी, म्हणजे माथ्यावरील उंचवट्याशी, त्याचे नाते जोडू लागले, असेही नमूद केलेले आढळते. दोन्ही स्पष्टीकरणे एकाच माणसाची असल्याने कोणते मूळ आणि कोणते मागाहूनचे, हे त्यांच्या आयुष्यक्रमावरून ठरवावे लागते. गम्बी घडवताना क्लोकी ख्रिस्ती धर्मशिक्षणातून नुकतेच बाहेर पडले होते. पौर्वात्य विचारांकडे ते पुढच्या दशकांत वळले. म्हणून छायाचित्राचे स्पष्टीकरण पहिले मानणे योग्य. नऊ-दहा वर्षांच्या वयात गमावलेल्या वडिलांची ती खूण एका बालपात्राच्या डोक्यावर इतकी वर्षे राहिली, ही गोष्ट हृद्य आहे.

हिरव्या रंगाची निवड दोन कारणांनी झाली असे क्लोकी सांगत : तो कोणत्याही मानववंशाचा रंग नाही आणि तो जीवनाचा रंग आहे. त्या काळात बहुतेक अमेरिकन घरांत कृष्णधवल संच होते. म्हणजे पहिल्या पिढीतील बहुसंख्य मुलांनी गम्बी राखाडीच पाहिला. तरीही भाग पहिल्यापासून रंगीत फिल्मवर घेतले गेले, आणि म्हणूनच रंगीत संच घरोघर पोचल्यावरही ते चालत राहिले.

तंत्र : येथे ‘माती’ हा शब्द जपून घ्यावा. आपल्याकडे गणपतीसाठी वापरतात ती शाडू पाण्याने मळलेली असते; दिव्याखाली ठेवली तर काही वेळात ती सुकते आणि हलवताना तडकते. ॲनिमेशनची माती तेल व मेण मिसळून केलेली असते आणि ती सुकत नाही. इंग्लंडातील बाथ येथे विल्यम हार्बट यांनी १८९७ मध्ये तयार केलेले प्लॅस्टिसिन या जातीचे. तिचा दोष उलट आहे : स्टुडिओच्या प्रखर दिव्यांखाली ती मऊ पडते. उभी आकृती हळूहळू वाकते, आणि ही वाक एकेका चौकटीत दिसत नसली तरी भाग सलग पाहताना दिसते. आत तार घालून हात-पाय सावरावे लागतात.

गम्बीची घडण या अडचणींच्या संदर्भात पाहिली की तिचे मर्म कळते. पोळीसारख्या लाटलेल्या सपाट थरातून तो कापता येतो, म्हणजे मळलेल्या आकृतीच्या जागी त्याच मापाची ताजी आकृती चटकन तयार होते. एका भागासाठी असे अनेक गम्बी लागत. रुंद पायांमुळे तो आधाराशिवाय उभा राहतो. गळा, बोटे, केस असे नाजूक भाग त्याला नाहीतच. रूथ यांची बिस्किटाची कल्पना दिसायला गोड होतीच, पण ती टिकली ती मातीला मानवणारी असल्यामुळे. आकाराच्या चर्चेत डोक्याइतकेच लक्ष पायांकडेही द्यायला हवे.

फिल्मच्या सेकंदाला २४ चौकटी लागतात. प्रत्येक स्थिती दोन चौकटींसाठी वापरली तरी सेकंदाला १२ आणि सहा मिनिटांच्या भागाला ४,३२० स्थिती होतात. चालणे दाखवायचे तर प्रत्येक पावलाला पाय उचलून तोल सांभाळावा लागतो. गम्बी अनेकदा एका पायावर घसरत, स्केटिंग केल्यासारखा पुढे जातो, त्यामागे हा हिशेब होता. काटकसरीतून आलेली ही चाल पुढे त्याची ओळखच बनली. प्रत्येक स्पर्शाबरोबर मातीवर बोटांचे नवे ठसे उमटत आणि पडद्यावर पृष्ठभाग सतत थरथरताना दिसे. ही थरथर लपवण्याचा फारसा प्रयत्न क्लोकी यांनी केला नाही. कुणाच्या तरी हातांनी हे केले आहे, याची ती खूण आहे, आणि घरी मातीशी खेळणाऱ्या मुलाला ती लगेच ओळखता येते. भोवतालच्या दृश्यांतही दुकानात मिळणारी खरी खेळणी वापरली जात.

सोबती : पोकीचा आवाज बराच काळ स्वतः क्लोकी यांनी दिला. गम्बीला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे आवाज मिळाले. त्यांत डॅलस मॅकेनन हे विशेष स्मरणात राहिले. डोक्याच्या जागी ठोकळे असलेली ‘ब्लॉकहेड्स’ ही लाल जोडगोळी कायम खोड्या काढते. पिवळा डायनासोर प्रिकल आणि निळी, उडणारी गू यांच्यामागे ॲलन वॉट्स या तत्त्वचिंतकाची एक उपमा आहे. माणसे काटेरी तरी असतात, म्हणजे काटेकोर व तर्कनिष्ठ, नाहीतर चिकट-मऊ, म्हणजे भावनेने वाहणारी, असे वॉट्स म्हणत. मुलांच्या कार्यक्रमात ही विभागणी दोन खेळण्यांच्या रूपाने आली, आणि कोणत्याही मुलाला ती समजावून सांगावी लागली नाही.

पुढील वाटचाल : एनबीसीवरील कार्यक्रम १९५७ मध्येच थांबला, पण हक्क क्लोकी यांच्याकडे राहिले. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील ग्लेंडोरा येथे नवे भाग तयार झाले व निरनिराळ्या स्थानिक वाहिन्यांना विकले गेले. त्याच सुमारास ल्यूथरन चर्चसाठी ‘डेव्ही अँड गोलायथ’ ही बाहुल्यांची मालिकाही क्लोकी दांपत्याने काढली. मुलांच्या प्रेमाचा व्यापार नको म्हणून क्लोकी यांनी सुरुवातीची काही वर्षे गम्बीची खेळणी काढू दिली नाहीत. १९६० च्या दशकाच्या मध्यास लेकसाइड कंपनीचा वाकवता येणारा गम्बी बाजारात आला आणि मालिका बंद असतानाही पात्र घराघरांत राहिले.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस क्लोकी भारतात सत्य साईबाबांच्या दर्शनाला आले होते. सोबत नेलेल्या गम्बीवर बाबांच्या हातातून विभूती पडली आणि परतल्यावर आपले दिवस पालटले, असे ते श्रद्धेने सांगत. पुनरुज्जीवनाचे लौकिक कारण म्हणून बहुधा १९८२ मधील विनोदी नट एडी मर्फी यांच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील नकलेकडे बोट दाखवले जाते. १९८८ मध्ये ९९ भागांची नवी मालिका आली. तिच्यात जुने लघुपटही घेतले गेले, पण त्यांचे आवाज व संगीत नव्याने ध्वनिमुद्रित करून. त्यामुळे जुन्या गम्बीविषयीच्या आठवणी व वर्णने ताडून पाहताना वर्णन करणाऱ्याने कोणती आवृत्ती पाहिली होती, हे आधी तपासावे लागते. १९९५ मध्ये आलेला पूर्ण लांबीचा चित्रपट थोड्याच चित्रपटगृहांत लागला आणि चालला नाही. व्हिडिओवर त्याला प्रेक्षक मिळाले. क्लोकी यांचे निधन कॅलिफोर्नियातील लॉस ओसोस येथे झाले. त्यानंतर हक्क त्यांच्या कुटुंबाकडे होते. २०२२ मध्ये ते फॉक्स एंटरटेनमेंट या कंपनीने विकत घेतले.