क्रियापदाच्या तिसऱ्या रूपाची मुळे

मराठी माध्यमातून इंग्रजी शिकलेल्या प्रत्येकाने क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता कधी ना कधी घोकलेला असतो: गो-वेंट-गॉन, राइट-रोट-रिटन, कट-कट-कट. यांतले तिसरे रूप म्हणजे भूतकालवाचक धातुसाधित. ते कसे तयार होते असे विचारले, तर ‘याला नियम नाही, पाठ करा’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे. या रकान्यातील जवळजवळ प्रत्येक रूप एकेकाळी कोणत्या ना कोणत्या नियमाने बनलेले होते. कालांतराने नियम लोपले आणि रूपे तेवढी उरली. त्या नियमांचा माग काढत मागे गेले, की वाट थेट संस्कृत व्याकरणापाशी येऊन पोहोचते.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी इंग्रजी-जर्मन कुळातील क्रियापदांचे ‘सबल’ आणि ‘दुर्बल’ असे दोन गट केले. सबल क्रियापदे धातूतला स्वर बदलून रूपे घडवतात आणि तिसऱ्या रूपाच्या शेवटी ‘न’ लावतात: स्पीक-स्पोक-स्पोकन, ब्रेक-ब्रोक-ब्रोकन. सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, बिगिन-बिगॅन-बिगन या मालिकेत शेवटचा प्रत्यय गळून गेला असला, तरी स्वरबदल मात्र शाबूत आहे. दुर्बल क्रियापदे स्वराला हात न लावता ‘ड’ किंवा ‘ट’ जोडतात: प्ले-प्लेड, वॉक-वॉक्ट. यातील उच्चार आधीच्या ध्वनीवर अवलंबून असतो. घोष, म्हणजे उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात अशा ध्वनीनंतर ‘ड’ येतो, तसा कंप नसलेल्या अघोष ध्वनीनंतर ‘ट’ येतो आणि धातूच्या शेवटी ‘ट’ किंवा ‘ड’च असेल तर मध्ये स्वर घालून ‘वाँटिड’सारखे रूप होते. लिहिताना तिन्ही ठिकाणी अक्षरे तीच असल्यामुळे आपल्याकडे पुष्कळ जण ‘वॉक्ट’ऐवजी ‘वॉकेड’ म्हणतात. कट, पुट, सेट ही तिन्ही रकान्यांत सारखी दिसणारी क्रियापदेही या दृष्टीने पाहावीत. धातूच्या शेवटी आधीच ‘ट’ असल्यामुळे प्रत्यय त्यात मिसळून गेला आणि वेगळे रूप दिसेनासे झाले.

या ‘ड’चे मूळ पाहिले की संस्कृत शिकलेल्या वाचकाला आपले माणूस भेटल्यासारखे वाटेल. कृत, गत, श्रुत, मत या शब्दांतील ‘त’ प्रत्यय, ज्याला पाणिनी ‘क्त’ म्हणतात, आणि इंग्रजी दुर्बल धातुसाधितांतील ‘ड’ हे एकाच भारोपीय, म्हणजे संस्कृत, इंग्रजी इत्यादी भाषांच्या सामाईक पूर्वज भाषेतील, प्रत्ययाचे वंशज आहेत. मोठ्या आवाजासाठीचा इंग्रजी शब्द ‘लाउड’ हा तर ‘श्रुत’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. दोघांचा मूळ अर्थ ‘ऐकलेले’. पण इथे एक अडचण होती. ग्रिम यांच्या ध्वनिनियमानुसार मूळ ‘त’चा इंग्रजीत ‘थ’ व्हायला हवा, जसा ‘त्रि’ आणि ‘थ्री’ या जोडीत तो दिसतो. मग ‘लाउड’मध्ये ‘ड’ कुठून आला? हे कोडे डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर यांनी सोडवले आणि 1877 मध्ये ते प्रसिद्ध केले. मूळ भाषेत लगतच्या आधीच्या अक्षरावर आघात नसेल, तर त्या ‘थ’चे घोष ध्वनीत रूपांतर होते, असे त्यांनी दाखवले. आघात कुठे होता याचा भक्कम पुरावा त्यांना वैदिक संस्कृतात मिळाला, कारण वेदपठणाच्या परंपरेने शब्दांचे स्वर, म्हणजे उच्चारातले चढउतार, जपून ठेवले होते आणि ‘श्रुत’मध्ये उदात्त, म्हणजे चढा, स्वर शेवटच्या ‘त’वर आहे. एका इंग्रजी प्रत्ययाचे कोडे वेदपाठकांनी शतकानुशतके जपलेल्या स्वरांमुळे सुटावे, ही घटना मला विलक्षण वाटते. सबल रूपांतील ‘न’लाही संस्कृतात नातलग आहे: भिन्न, छिन्न, पूर्ण यांतील ‘न’.

वापराच्या बाबतीत हे नाते आणखी स्पष्ट होते. ‘ब्रोकन ग्लास’ म्हणजे कोणीतरी किंवा कशाने तरी फोडलेली काच. इथे धातुसाधित कर्माचे वर्णन करते. ‘फॉलन लीव्ह्ज’ म्हणजे मात्र स्वतः गळून पडलेली पाने. इथे ते कर्त्याचे वर्णन करते. रूपाचा प्रकार एकच, पण धातू सकर्मक असला तर अर्थ कर्मणी होतो आणि अकर्मक असला तर कर्तरी. पाणिनींनी अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात नेमकी हीच गोष्ट नोंदवली आहे: ‘क्त’ प्रत्यय एरवी कर्म दाखवतो, पण गतिवाचक आणि अकर्मक धातूंना लागला की तो कर्ताही दाखवू शकतो. मराठी बोलणारा माणूस हा भेद रोज, नकळत पाळतो. ‘ती गेली’ म्हणताना क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते आणि ‘तिने आंबा खाल्ला’ म्हणताना कर्माप्रमाणे, कारण मराठीचा भूतकाळ संस्कृतच्या याच धातुसाधितावर उभा आहे. ‘गेली’, ‘केली’ यांतील ‘ल’ प्राकृतातील ‘इल्ल’ प्रत्ययापासून आला असे मानले जाते आणि त्याआधी उरलेला अंश गत, कृत यांचा आहे.

इंग्रजीत ‘हॅव’ हे सहाय्यक क्रियापद आणि तिसरे रूप मिळून पूर्णकाळ होतो. विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक घोटाळ्यात पाडणारी ही रचना एके काळी अगदी सरळ होती. जुन्या इंग्रजीत ‘मी त्याला बांधलेल्या अवस्थेत धरून होतो’ अशा अर्थाचे वाक्य असे, त्यात ‘हॅव’चा अर्थ खरोखरच ‘जवळ असणे’ हा होता आणि ‘बांधलेला’ हे विशेषण कर्माच्या विभक्तीप्रमाणे प्रत्यय घेई. पुढे विभक्तिप्रत्यय झिजले, धातुसाधित कर्माकडून सरकून ‘हॅव’ला चिकटले आणि दोन्ही मिळून एक काळ तयार झाला. गतिवाचक क्रियापदे मात्र ‘बी’ हे सहाय्यक घेत. ‘ही इज गॉन’ हा आजही चालणारा प्रयोग त्याच पद्धतीचा अवशेष आहे आणि आपले ‘तो गेलेला आहे’ त्याच्याशी शब्दशः जुळते.

मग सबल रूपे कमी का होत गेली? हार्वर्ड विद्यापीठातील एरेझ लीबरमन, मार्टिन नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात याचा हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतील 177 अनियमित क्रियापदांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत 145 अनियमित राहिली आणि आज 98 उरली आहेत. वापर जितका कमी, तितके क्रियापद लवकर नियमित होते. शंभरपट कमी वापरले जाणारे क्रियापद दहापट वेगाने बदलते. क्वचित ऐकलेले रूप मुलांच्या स्मरणात रुजत नाही आणि ती सरळ ‘ड’ लावतात, असे याचे कारण दिसते. इंग्रजीतील सर्वाधिक वापराची दहा क्रियापदे अजूनही अनियमित आहेत, ती याच कारणाने. ‘हेल्प’चे तिसरे रूप एकेकाळी ‘होल्पन’ होते. 1611 च्या इंग्रजी बायबलात ते आढळते. उलट दिशेचा प्रवासही झाला आहे: ‘वेअर’ हे जुन्या इंग्रजीत दुर्बल होते, पण ‘बेअर’, ‘स्वेअर’ यांच्या संगतीने त्याचे ‘वोर्न’ झाले.

क्रियापद नियमित झाले तरी जुने धातुसाधित पुष्कळदा विशेषण होऊन तगते, आणि तक्त्याबाहेरचा हा भाग मला सर्वांत वेधक वाटतो. लोखंड वितळले हे सांगताना आज ‘मेल्टेड’ म्हणतात, पण वितळलेल्या लोखंडाला ‘मोल्टन’ म्हणतात. ‘वर्क’चे जुने तिसरे रूप ‘रॉट’ आज क्रियापद म्हणून जवळजवळ गेले, तरी घडीव लोखंडाच्या ‘रॉट आयर्न’ या नावात आपल्याकडच्या कारखान्यांतही ते ऐकू येते. ‘लूज’ या क्रियापदाच्या जुन्या पूर्वजाचे धातुसाधित ‘फॉरलॉर्न’, म्हणजे एकाकी, टाकून दिलेले, या शब्दात उरले आहे; त्यातील ‘स’चा ‘र’ झाला आहे तो व्हेर्नर यांच्याच नियमाने.